धड्यातले दोन स्वर

पहाटेचे चार पन्नास. वाल्देव्हिनो प्रादोच्या परसात, बिनखिडकीच्या एका खोलीबाहेर, जांदिरा मुनीझ उलट्या ठेवलेल्या केळ्यांच्या क्रेटवर बसली होती. डोळे मिटलेले, हात मांडीवर, चपला काढून बाजूला. खोलीचं दार बोटभर उघडं होतं. आत अंधारात एक पक्षी जागा होत होता आणि जांदिराला तो ऐकायचा होता.

वाल्देव्हिनो धुण्याच्या दगडापाशी उभा होता. त्याला बोलायची मनाई होती. अडुसष्ट वर्षांचा हा माणूस आयुष्यभर केळ्यांचा ट्रक चालवत आला होता आणि गप्प राहणं त्याला ट्रक रिव्हर्स घेण्यापेक्षा अवघड जायचं. तो नुसता एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होता.

पक्षी कुरिओ जातीचा, नर. हे नर लहानपणी तपकिरी असतात, पिसं झडली की पाठ काळी आणि पोट विटकरी होतं. हा अजून निम्मा तपकिरी होता. नाव कासीके. त्याने आधी चोच दांडीवर घासली, पाणी प्यायला, मग थोडी पुटपुट केली. तोंड धुताना माणूस गुणगुणतो तशी. आणि मग सुरू झाला.

चाल सगळ्या खोऱ्याला पाठ होती. खालच्या तीन लांब शिट्ट्या, मग चढत जाणारी शिडी, वर पोचल्यावर एक गोल फिरकी, आणि श्वास न तोडता पुन्हा खालून. कासीकेचा गळा स्वच्छ होता. शिडीवर तो घाई करत नव्हता, तरुण पक्षी तिथेच हमखास घसरतात. वाल्देव्हिनोने अंधारातच मूठ आवळली.

फिरकी संपली आणि तिच्यामागे दोन स्वर आले. बारीक, कोरडे, एकाला एक चिकटून.

जांदिराने डोळे उघडले नाहीत. पक्षी पुन्हा सगळी चाल गायला. शेवटी पुन्हा तेच दोन. तिसऱ्यांदाही तेच. ती उठली, चपला घातल्या, दार हलकेच लोटून घेतलं.

"बोल," वाल्देव्हिनो म्हणाला.

"गळा चांगला आहे."

"गळा चांगला आहे हे तू सगळ्यांना सांगतेस. बेडूक आणून बसवला तरी सांगशील."

"सेऊ वाल्दे, शेवटी दोन स्वर जास्तीचे आहेत."

"कुठे?"

"फिरकीनंतर. दरवेळी."

वाल्देव्हिनोने ते ऐकले होते. त्याने ते गेले दोन आठवडे ऐकले होते आणि आपल्यालाच भास होतोय असं ठरवलं होतं. "डाग म्हणायचा का?" त्याने विचारलं.

"डागच. छपरात घरटं करणाऱ्या कोरुईरा पक्षिणीचा असेल. ती बया असंच टकटकते."

"या खोलीत कोरुईरा? अगं, या खोलीत माझी बायकोसुद्धा येत नाही."

"बोलावलंत तर येईन ना," स्वयंपाकघरातून क्लेउझाचा आवाज आला. "कॉफी झालीये. पक्ष्याचं सुतक संपलं असेल तर या."

पोर्तो गारसात जांदिरा केस कापते. चौकातल्या औषधाच्या दुकानाला लागून तिचं सलून आहे, दोन खुर्च्यांचं, आणि ती तिथे तीस वर्षं उभी आहे. पण उजाडायच्या आधीचा वेळ कुरिओ पाळणाऱ्यांचा. खोऱ्यात कुणाचा तरुण पक्षी गायला लागला की तिला बोलावणं येतं. ती ऐकते आणि चाल स्वच्छ आहे की डागी ते सांगते. मोबदला म्हणजे कॉफी, आणि फार तर केळ्यांचा घड. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पाळणाऱ्यांच्या क्लबात ऐकणी होते. तिथे स्वच्छ ठरलेल्या नराला गुरू मानतात. त्याची पिल्लं, आणि इतरांचीही, पुढे त्याच्याकडून शिकतात. डागी पक्षी वरांड्यात जातो. तिथे तो मरेपर्यंत सुखाने गातो, पण त्याच्यासमोर कुणी पिल्लू ठेवत नाही. एकदा बसलेली चाल कुरिओ बदलत नाही, म्हणून ही सगळी काळजी.

आणि पिल्लं शिकतात ती जांदिराच्याच धड्यावर. चार वर्षांपूर्वी वाल्देव्हिनोच्या वेलुदो नावाच्या पक्ष्याला तिने टेपवर घेतलं होतं. वेलुदोसारखी फिरकी पुन्हा कुणी ऐकली नाही. त्या ध्वनिमुद्रणातून तिने कोंबडे काढले, लांबचा ट्रक काढला, वाल्देव्हिनोचा खोकला काढला आणि उरलेलं क्लबाला देऊन टाकलं. आता नदीच्या या तीरावर जिथे जिथे पिल्लू असतं तिथे पहाटेपासून स्पीकरच्या एका पेटीतून वेलुदो गात असतो. खरा वेलुदो गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात गेला. त्याची जागा कासीकेने घ्यावी एवढीच वाल्देव्हिनोची इच्छा होती. बाकी त्याला आता फारसं काही हवं नव्हतं, एक बरा गुडघा सोडला तर.

"रविवारी तू काय सांगणार?" कॉफी ओतून घेता घेता त्याने विचारलं.

"आज मंगळवार आहे."

"म्हणजे डागी म्हणणार."

"म्हणजे आज मंगळवार आहे. साखर द्या."

गुरुवारी ती एलिओ ओकामोतोच्या चहाच्या टेकडीवर गेली. ओकामोतो क्लबाचा अध्यक्ष. कमी बोलणारा, बुटांना कधी चिखल लागू न देणारा. त्याचा तरुण नर चहा वाळवायच्या जुन्या शेडमागे होता. तिथे त्याने जाड गाद्या लावून खोली केली होती. जांदिरा बसली. शिट्ट्या, शिडी, फिरकी.

आणि ते दोन स्वर.

तेच. तितकेच कोरडे, तितकेच चिकटलेले, त्याच जागी.

"याने आजवर काय काय ऐकलंय?" तिने विचारलं.

ओकामोतोला प्रश्नाचं नवल वाटलं. "तुमचा धडा. दुसरं काय ऐकवणार?"

"दुसरा पक्षी?"

"मागे वेलुदोकडे नेत होतो पिल्लं. आता वेलुदो नाही. हा पहिलाच निव्वळ पेटीवर वाढलेला." त्याने बुटाच्या टोकावरची धूळ झटकली. "का? काही आहे का?"

"पुन्हा ऐकीन म्हणते."

"दोना जांदिरा, तुम्ही दुसऱ्यांदा ऐकता तेव्हा काहीतरी असतंच."

टेकडी उतरताना तिने हिशेब लावला आणि तो अवघड नव्हता. दोन घरांत एवढं अंतर, की एका घरातली कोरुईरा दुसऱ्या घरात ऐकू येणं शक्य नाही. पक्षी एकमेकांना कधी भेटले नाहीत. दोघांत समान गोष्ट एकच. याआधीची पिल्लं धडा ऐकायची खरी, पण महिन्यातून चारदा वाल्देव्हिनोच्या परसात जाऊन खरा वेलुदोही ऐकायची. पेटीत काही वावगं असलंच तर म्हातारा वेलुदो ते पुसून टाकायचा. आता पुसणारं कुणी राहिलं नव्हतं.

त्या दिवशी सलूनमध्ये क्लेउझाचे केस रंगवायचे होते. रंग लावून झाल्यावर अर्धा तास मुरवत ठेवावा लागतो. जांदिराने कानांवर हेडफोन चढवले आणि धडा लावला.

"मी इथे बसलेय हं," क्लेउझा आरशातून म्हणाली. "निदान माझ्या नवऱ्याबद्दल वाईट बोल. तेवढं तरी कर."

जांदिराने हात वर करून तिला थांबवलं. शिट्ट्या, शिडी, फिरकी. पुन्हा. पुन्हा. तिने वेग निम्म्यावर आणला. वेलुदोची शिट्टी गाईच्या हंबरण्यासारखी लांबली. मग एके ठिकाणी वेलुदो फिरकी संपवून थांबला होता. पुढची चाल लगेच आली नव्हती. त्या रिकाम्या जागेत, अगदी दबलेले, दोन ठिपके.

ते तिने तेव्हाही ऐकले असणार. हळू होते, चालीला चिकटून होते, म्हणून राहू दिले असणार. पेटी तेच तुकडे दिवसभर फिरवून फिरवून ऐकवत राहते. पिल्लाला काय, शेवटी येतं ते शेवटाचंच असं ते धरून चालतं.

"सापडलं?" क्लेउझाने विचारलं.

"सापडलं. पण कोण आहे ते कळत नाही."

"पक्षी?"

"पक्षीच. तुमच्या केळीच्या बागेतला कुणीतरी. तिथेच टेप केलं होतं ना. कोरुईरा नाही ती. कोरुईराला एवढ्यात थांबताच येत नाही, ती बडबडत राहते."

"मग माझा नवरा असेल. तो तिथे होता. झोपेतसुद्धा दात वाजवतो."

"त्याचा फक्त खोकला होता. तो मी काढला."

"माझ्याही आयुष्यातून काढ ना जरा," क्लेउझा म्हणाली, आणि मग, "अगं माझं डोकं चुरचुरतंय. किती वेळ झाला?"

रंग ठरल्यापेक्षा गडद बसला. क्लेउझाने तो तसाच मिरवला.

शुक्रवारी उजाडायच्या आत जांदिरा वाल्देव्हिनोच्या बागेतल्या शेडमध्ये होती. वेलुदोचा पिंजरा टांगला होता तो खिळा अजून होता. तिने यंत्र सुरू केलं, माइक हातात धरला आणि ऐकत राहिली. कुणाचे ते दोन स्वर आहेत हे कळलं तर रविवारी नाव घेऊन सांगता येईल, एवढाच तिचा बेत होता. तिला नाव नसलेला डाग आवडत नसे.

आधी चरातली पाणकोंबडी ओरडली. मग लांब, नदीच्या बाजूला, दोन बेंतेव्ही एकमेकांवर खेकसले. उजेड केळीच्या पानांच्या कडांवर आला तेव्हा निळ्या सान्यासूंचं टोळकं पपईवर उतरलं. चिरचिर, पण ओली चिरचिर, कोरडी नव्हे. कोरुईरा बोलली आणि बोलतच राहिली. बांधावरच्या वेळूत एक टकटक झाली. तिने मान वळवली. तो सुतारपक्षी होता, लाकडावर, गळ्यातून नव्हे. मग अगदी जवळ, कुंपणाच्या खांबावर, एक साबिया येऊन बसला. विटकरी पोटाचा, गात्या पक्ष्यांत सगळ्यांत सबुरीचा. तो बराच वेळ गायला. मध्येच थांबला. ती वाट पाहत राहिली. त्याने शेपूट हलवली, पुन्हा गायला नाही, उडून गेला.

तिने माइक खाली ठेवला. एवढे सगळे येऊन गेले आणि ते दोन स्वर कुणीच काढले नव्हते.

शेडच्या पायरीवर बसून तिने थर्मासमधली कॉफी घेतली आणि सवयीने ध्वनिमुद्रण मागे नेऊन ऐकलं. पाणकोंबडी. बेंतेव्ही. तिच्या चपलेखालची काटकी. साबिया, लांबलचक, सुंदर. साबिया थांबला.

दोन स्वर. कोरडे, एकाला एक चिकटून.

कॉफी सांडली. तिने पुन्हा लावलं. तेच होते, तंतोतंत. फक्त धड्यात दबलेले होते ते इथे ठळक होते. फारच ठळक. साबिया कुंपणावर होता, तोसुद्धा त्यांच्यापेक्षा लांब वाटत होता. पानांत कुणी बोलतं तेव्हा आवाजाला थोडी पोकळी असते, इथे ती नव्हती. तिच्या स्वतःच्या श्वासाचा आवाज त्या स्वरांइतकाच जवळ होता. माइकच्या इतक्या जवळ कुठलाही पक्षी नव्हता. तिथे फक्त तिचं तोंड होतं.

तिने ओठ मिटून हवा आत ओढली आणि चुचकारलं. चुक् चुक्.

पोर्तो गारसात पक्षी गाता गाता थांबला की पुरुष चुटक्या वाजवतात. बायका चुचकारतात. जांदिरा पाळण्यात असल्यापासून हे ऐकत आली होती आणि पहिल्यांदा स्वतः कधी केलं ते तिला सांगता आलं नसतं. आज सकाळी केल्याचंही सांगता आलं नसतं. साबिया थांबला तेव्हा तिने वाट पाहिली, एवढंच तिला आठवत होतं. चार वर्षांपूर्वी वेलुदो थांबला तेव्हाही तिने बहुधा वाटच पाहिली होती.

तिने सांडलेली कॉफी चपलेने पुसली. सान्यासूंनी पपई संपवली.

हे कुणालाच माहीत नव्हतं. कोरुईराची बातमी वाल्देव्हिनोने मंगळवारीच बाजारात पोचवली होती आणि ती सगळ्यांना पटली होती. ओदिलों नावाच्या एका पाळणाऱ्याने तर छपराच्या फटी सिमेंटने बुजवायला घेतल्या होत्या. रविवारी तिने कोरुईरा म्हटलं असतं तर कुणी दुसरा प्रश्न विचारला नसता. तिचा कान खोऱ्याचा कान राहिला असता. फक्त धडाही तोच राहिला असता. नोव्हेंबर लागला होता. ओकामोतोकडे अंडी फुटली होती, ओदिलोंकडे फुटायच्या बेतात होती. पेट्या पहाटेपासून चालू होत्या.

शनिवारी वाल्देव्हिनो सलूनमध्ये आला. दाढी करायला आलोय म्हणाला. दाढी त्याने सकाळीच केलेली होती. खुर्चीत बसला आणि आरशातून बोलायला लागला.

"मी विचार केलाय. एलिओच्या पक्ष्यालाही तेच आहे ना? सांगू नकोस, मला कळलंय. ओदिलोंच्याही तिघांना आहे, तो रडत होता काल. म्हणजे बघ, सगळेच गातात."

"मग?"

"मग डाग कसला? एकाला असतो तो डाग. सगळ्यांना असतं ते घराणं. खाली समुद्राकडच्या लोकांची शिडी आपल्यापेक्षा आखूड आहे, त्यांना कुणी डागी म्हणतं का? आपली चाल म्हणजे फिरकी आणि दोन स्वर. पोर्तो गारसाची चाल. रविवारी तू उठायचं आणि म्हणायचं. तू म्हटलंस की झालं."

जांदिरा हसली नाही. वस्तरा बाजूला ठेवला. "सेऊ वाल्दे, ते दोन स्वर माझे आहेत."

"म्हणजे तू शोधलेस, ते मान्य."

"माझे म्हणजे माझ्या तोंडचे." आणि तिने ते काढून दाखवले.

वाल्देव्हिनो आरशात तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या खांद्यांना झटका बसला आणि तो इतका हसला की गळ्यातलं फडकं घसरलं. "म्हणजे माझा कासीके... माझा कासीके स्वतःलाच चुचकारतोय! गातो आणि शाबास म्हणतो!"

"हो."

"अरे देवा. क्लेउझाला सांगू दे. ती मरेल." हसू ओसरल्यावर त्याने डोळे पुसले. मग त्याचा चेहरा उतरला. त्याला पुढचं दिसलं होतं. "म्हणजे तो गुरू होणार नाही."

"नाही."

"तुझ्यामुळे."

"माझ्यामुळे."

बाहेर औषधाच्या दुकानाचं शटर वर गेलं. वाल्देव्हिनोने फडकं घडी करून मांडीवर ठेवलं. "सांगू नकोस उद्या," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मी माझ्यासाठी म्हणत नाही. कासीकेचं झालं ते झालं. पण तू सांगितलंस तर उद्यापासून तुला कोण बोलावणार? जिला स्वतःचं तोंड ऐकू येत नाही तिच्याकडून पक्षी कोण ऐकून घेईल? कोरुईराला काय फरक पडतो? तिला क्लबात यायचं नाहीये."

"आणि पेट्या?"

"पेट्यांचं काय?"

"एलिओकडे तीन पिल्लं आहेत. डोळे उघडलेत त्यांनी. आत्ता, या क्षणी, काय ऐकतायत ती?"

वाल्देव्हिनोने मांडीवरचं फडकं उलगडून पुन्हा घडी केलं.

"कोरुईरा म्हटलं की सगळे फटी बुजवणार आणि आत तोच धडा लावून बसणार. पुढच्या नोव्हेंबरला आणखी दहा कासीके. धडा खोटा आहे हे सांगितल्याशिवाय तो बंद कसा करायला लावू? का बंद, विचारतील. काय सांगू?"

"काहीतरी सांग. पेटीला गंज चढला म्हण."

"दाढी करायचीय का खरंच?"

"नाही," वाल्देव्हिनो म्हणाला. "पण बसलोयच तर मानेवरचं थोडं काप."

रविवारी क्लबाच्या दालनात पिंजरे नेहमीप्रमाणे एका ओळीत टांगलेले होते, प्रत्येकावर कापडी खोळ. खोळीखाली पक्षी गप्प असतो, निदान तशी समजूत आहे. बाकांवर पाळणारे बसले होते. शेवटच्या बाकावर, दाराजवळ, सेऊ अन्सेल्मो होता. तो पलीकडच्या तीरावरचा. त्याचा पेट्यांवर विश्वास नव्हता. पक्ष्याने पक्ष्याकडून शिकावं असं तो म्हणायचा. त्याची पिल्लं सेरेनो नावाच्या एका म्हाताऱ्या नरासमोर वाढत. तो दरवर्षी ऐकणीला यायचा, काही बोलायचा नाही, मध्येच हसायचा आणि जेवणाआधी निघून जायचा. या तीरावर तो कुणालाच आवडत नसे.

ओकामोतोने उठून सुरुवात करायच्या आधी जांदिरा पुढे गेली. टेबलावर यंत्र ठेवलं. धड्यातला तो तुकडा निम्म्या वेगाने ऐकवला, मग पूर्ण वेगाने. मग शुक्रवारचा साबिया ऐकवला आणि साबियानंतरचे दोन स्वर.

"कोरुईरा नाहीये," ती म्हणाली. "मी आहे."

कुणाला काही कळलं नाही. मग तिने ओठ मिटले आणि चुचकारलं.

ओळीतल्या तिसऱ्या पिंजऱ्यात, खोळीखाली, कुणीतरी दांडीवर सरकलं. अंधारातूनच तीन लांब शिट्ट्या आल्या, शिडी आली, सुरेख फिरकी आली आणि शेवटी, तिला उत्तर द्यावं तसे, दोन स्वर. तो ओकामोतोचा पक्षी होता. त्याच्यामागे कासीके सुरू झाला. मग ओदिलोंचे तिघं.

आधी क्लेउझा हसली. मग सगळा बाक. ओकामोतोने रुमाल काढून तोंडावर धरला. अन्सेल्मो हसला नाही. तो पहिल्यांदाच पुढे वाकून ऐकत होता.

हसणं संपलं तेव्हा ओदिलों उभा होता. "झालं हसून? माझ्या तिघांचं काय? वर्षभर मी घरात रेडिओ लावला नाही. बायको मोरीत जाऊन फोनवर बोलते. आणि ही बाई चुक् चुक् करून मोकळी!"

"तुमचं बरोबर आहे," जांदिरा म्हणाली.

"बरोबर आहे म्हणून काय करू? लोणचं घालू?"

"ते तिघं डागी आहेत. मी बदलू शकत नाही. पण तुमची अंडी अजून फुटायची आहेत. आज घरी जाऊन पेटी बंद करा."

"आणि काय ऐकवू? रेडिओ?"

वेलुदो नव्हता. स्वच्छ म्हणता येईल असा एकही तरुण नर या तीरावर उरला नव्हता. ओकामोतोने खाकरून सांगितलं की पेट्या आजच बंद होतील, यंदाच्या ऐकणीत गुरू कुणी ठरणार नाही, आणि ऐकणारा म्हणून क्लब वर्षभर दुसरं कुणी पाहील. हे शेवटचं बोलताना तो जांदिराकडे बघत नव्हता. तिने मान हलवली. वाल्देव्हिनोने उठून कासीकेचा पिंजरा उतरवला आणि खोळ काढून टाकली. खोळीची आता गरज नव्हती. "वरांड्यात टांगतो," तो क्लेउझाला म्हणाला.

"माझ्या खुर्चीच्या बाजूला टांग," ती म्हणाली. "वर्ष झालं, घरात आहे तो आणि मी अजून पाहिलाही नव्हता."

जांदिरा बाकांमधून चालत शेवटच्या बाकापाशी गेली. अन्सेल्मोने टोपी डोक्यावर चढवली होती, तो निघायच्या तयारीत होता.

"सेऊ अन्सेल्मो."

"नाही," तो म्हणाला.

"मी काही विचारलं नाही अजून."

"तुला सेरेनो टेपवर हवाय. वीस वर्षं सांगतोय, पक्षी पेटीत बसत नाही. तुम्ही बसवलात. काय झालं? पेटीत तूच जाऊन बसलीस."

"पिल्लं तीन आठवड्यांत चाल धरायला लागतात. एलिओची आठवड्याभराची आहेत. तुम्ही म्हणाल तर सगळ्यांची पिल्लं रोज नदीपलीकडे घेऊन येतो. पंधरा पिंजरे, पंधरा माणसं, त्यात हा ओदिलों. रोज पहाटे. तुमच्या वरांड्यात."

अन्सेल्मोने ओदिलोंकडे पाहिलं. ओदिलों अजून बोलत होता.

"कॉफी पितात का सगळे?" अन्सेल्मोने विचारलं.

"भरपूर."

त्याने टोपी काढून बाकावर ठेवली. "यंत्र मी सुरू करणार," तो म्हणाला. "तू दाखव कुठलं बटण ते. पिंजऱ्याखाली ठेवून मी घरात जाणार आणि तू खाली धक्क्यावर थांबणार. मी हाक मारेपर्यंत वर यायचं नाही. सेरेनो मध्ये थांबला तर थांबला. त्याला कुणी सांगायला जाणार नाही."

"धक्क्यावर थांबते."

"आणि आधी मी ऐकणार. सगळं. तू नंतर."

"चालेल."

"उद्याच ये. पाऊस धरतोय, परवाचं सांगता येत नाही."

उद्या सोमवार, सलूनला सुट्टी. पोर्तो गारसाच्या धक्क्यावरून पहिली फेरीबोट चार वीसला सुटते. पलीकडे पोचायला बारा मिनिटं लागतात, म्हणजे सेरेनो जागा व्हायच्या आत. सूर्योदय पाच सतराला आहे.